सावडीचं छप्पर

पेंच आणि ताडोब्याच्या वाटेवरच्या रिसॉर्टांवर हल्ली गवताची छपरं दिसतात. खाली सिमेंटचा स्लॅब, वर शोभेचं गवत. त्याच रस्त्याच्या पलीकडच्या गावात घरकुलाचा हप्ता आला की पहिलं काम जुनं गवत किंवा कवेलू उतरवण्याचं. शहरातला माणूस ज्या छपराखाली एक रात्र काढायला हजारो रुपये मोजतो, ते छप्पर गावातल्या माणसाला डोक्यावरची गरिबी वाटतं. आणि दोघांचंही वाटणं खरं आहे. ही गोष्ट मनात अडकली की जपानमधलं शिराकावा-गो आठवतं. नागपूरला जपान परका नाही. इंदोऱ्याचे जपानी भिक्खू भदन्त सुरई ससाई, कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार, हा जपान बुद्धाच्या वाटेने आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. डोंगरातल्या गवती घरांचा जपान मात्र फक्त चित्रांतून आला. गुडघाभर बर्फ, त्रिकोणी छपरं, खिडक्यांतला पिवळा उजेड. चित्र सुंदर आहे, पण त्या गावातली सगळ्यात मोलाची गोष्ट चित्रात येतच नाही.

शोगावा नदीच्या खोऱ्यातली ही घरं. छपराला साधारण साठ अंशांचा उतार, कारण बर्फ साचला तर घर खचेल. नमस्काराला जोडलेल्या हातांवरून या बांधणीला नाव पडलं. छपराच्या सांगाड्यात लोखंडी खिळा नाही. लाकडं गवताच्या दोरांनी आणि कोवळ्या लवचिक फांद्यांनी आवळलेली, म्हणजे वारा आला की सांगाडा थोडा हलतो, मोडत नाही. शिराकावा-गोतल्या ओगिमाची गावात घरांच्या त्रिकोणी बाजू उत्तर-दक्षिण ठेवलेल्या, त्यामुळे छपराच्या दोन्ही अंगांना ऊन लागतं आणि गवत वाळतं. खाली चूल सतत धुमसत असे. तिचा धूर वर चढत गवतातली कीड मारत असे. त्या उंच छपराच्या पोटात माळ्यांवर रेशमाचे किडे पोसले जात. शेजारच्या गोकायामात तर जमिनीखाली माती, गवत आणि रेशीमकिड्यांची विष्ठा कुजवून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढत असत. इतकं कामाचं छप्पर! जर्मन वास्तुकार ब्रुनो टाउट १९३५ साली तिथे गेला आणि या बांधणीतल्या तर्कशुद्धतेने भारावून गेला, ते योग्यच होतं. पण बांधणीपेक्षाही मोठी गोष्ट पुढे आहे. खालचं घर सुतार बांधत आणि छप्पर गाव बांधत असे. तीस-चाळीस वर्षांनी गवत बदलायचं झालं की शंभर-दोनशे माणसं एकत्र येऊन छपराची एक बाजू एका दिवसात शाकारून टाकत. कोणी किती गवत दिलं, किती दोर दिले, किती राबलं, याच्या वह्या ठेवल्या जात, कारण ते सगळं पुढे फेडायचं असे. १९७१ साली ओगिमाचीच्या लोकांनी आपसात ठरवलं की घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. युनेस्कोचा शिक्का १९९५चा. जगाने दखल घेण्याच्या चोवीस वर्षं आधी गावाने स्वतःला शब्द दिला होता. म्हणून मला वाटतं, गवताचं छप्पर माणसांच्या ठरावावर टिकतं; गवत आज ना उद्या कुजणारच असतं.

हा ठराव आपल्याकडे नव्हता असं नाही. विदर्भात मिरगाच्या आधी कवेलू फेरायची रीत होती; एक जण वर, दोघं खाली, फुटकी बाजूला, नवी ओळीत. शेतात सावड चाले, आज तुझ्या कामाला मी तर उद्या माझ्या कामाला तू, तशी घरावरही चाले. मेळघाटातल्या कोरकू गावात रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांची सलग ओळ असते, बांबूच्या कुडाला मातीचा गिलावा असतो, आणि सारवून स्वच्छ ठेवलेली ती रांग पाहिली की गाव एका हाताने बांधल्यासारखं वाटतं. हे मोडलं कशाने? आळसाने म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. बांबू, बल्ल्या, गवत जंगलातून यायचं, आणि जंगल गावाचं राहिलं नाही. बांबू तर १९२७च्या वन कायद्यात झाडांत मोजला गेला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो २००९ साली, आणि आपलाच बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचा अधिकार मिळायला २०११ उजाडलं. ज्याला छपराचं साहित्य चोरून आणावं लागतं, तो छपराचा अभिमान कसा बाळगील?

यावर कोणी म्हणेल, जपान श्रीमंत आहे, त्याला हे परवडतं. खरं आहे; तिथेही आता शाकारणीचा मोठा खर्च सरकार उचलतं आणि पुष्कळसं काम व्यावसायिक कारागीर करतात. पर्यटकांची गर्दी हे तर त्या गावाचं नवं दुखणं आहे. दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. गळणाऱ्या छपराखाली, विंचूकाट्यात, आगीच्या भीतीत लोकांनी राहावं, असं सांगायचा अधिकार कोणाला? कोणालाच नाही. वानरांची टोळी एका दुपारी निम्मे कवेलू फोडून जाते, तेव्हा ज्या बाईला रात्रभर पातेली मांडावी लागतात तिने टिनाचा पत्रा मागितला, तर तिचं चुकत नाही. पण तोच पत्रा नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा, घराची भट्टी करतो आणि स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो. कवेलूच्या फटींतून मात्र तापलेली हवा वर निघून जाते. निवड गावकऱ्यांचीच असावी, हे मान्य. आज मात्र निवडायला एकच नमुना हातात दिला जातो, आणि त्याला निवड म्हणता येत नाही.

घरकुल योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार, डोंगराळ व दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर जागा ठरवली गेली. स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुने 'पहल' नावाने केंद्र सरकारनेच छापून घेतले आहेत. शिवाय रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची अकुशल मजुरी या घराला जोडण्याची तरतूद झाली. ही मजुरी एकेका कुटुंबाच्या नावावर, घर उभं राहीपर्यंतच मिळते. तिच्यातले थोडे दिवस दरवर्षी मिरगाच्या आधी गावाच्या छपरांसाठी राखून ठेवता आले, आणि बांबू-गवत ग्रामसभेच्या हक्काने मिळालं, तर कवेलूचं घर मागणाऱ्याला कमी लेखायचं कारण उरणार नाही. मेळघाट, भामरागड, पेंचच्या कडेच्या ग्रामसभांनी हा ठराव येत्या उन्हाळ्यात मांडून पाहावा. आणि जिल्हा परिषदेने तो फाइलीत ठेवू नये.