अंगाला लागणं

ढोकीत दवाखाना चालवणाऱ्याला एक तक्रार वर्षभर पुरते. "डॉक्टर, खाल्लेलं अंगाला लागंना झालंय." ऊसतोडीच्या टोळीतली बाई हे सांगते, मास्तर सांगतात, बारावीच्या पोराला हाताला धरून आणणारी आईही हेच सांगते. आणि उपायही पेशंटच सुचवतो : "एखादी बाटली लावा की." बाटली म्हणजे सलाईन. समोरचा वैद्य आयुर्वेदाचा आहे, याने त्या मागणीत काही फरक पडत नाही. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला बाटली जीवदान देते, त्यात वाद नाही. पण पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. ज्वारीच्या एका चांगल्या भाकरीत त्याहून जास्त ऐवज असतो, हे मी सांगतो, लोक ऐकून घेतात आणि काही जण इथून उठून बाटली लावणारा दवाखाना शोधतात.

आमच्या शास्त्रात या तक्रारीचा माग रसधातूपाशी निघतो. खाल्लेलं पचलं की सार आणि मळ वेगळे होतात. त्या सारातून सात धातूंपैकी पहिला तयार होतो, तो रस. त्याचं ठिकाण हृदय. सुश्रुत तिथून २४ धमन्या सांगतो : १० वर जाणाऱ्या, १० खाली, ४ तिरप्या. काम म्हणाल तर प्रीणन, साऱ्या शरीराला तृप्त ठेवणं. रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे पुढचे सगळे त्याच्या जिवावर. बाळंतिणीचं दूध आणि पाळी हे त्याचे उपधातू, कफ हा त्याचा मळ. चरकाने मापही दिलंय : रस नऊ ओंजळी, रक्त आठ. ओंजळ ज्याची त्याची. कोयता धरून रुंद झालेले हात आणि शाळकरी पोराचे हात यांचं माप एक धरायचं नाही, एवढं शहाणपण त्या मोजणीत आहे.

रसधातू म्हणजे प्लाझ्मा, असं लिहून गाइडवाले मोकळे होतात. कुणी लसीका म्हणतं. मला ही जुळवाजुळव कधीच पटली नाही. प्लाझ्मा नळीत काढून मोजता येतो. रसधातू त्याच्या कामावरून ओळखायचा. तीच गोष्ट रक्ताभिसरणाची. हार्वेने १६२८ साली हृदयातून किती रक्त बाहेर पडतं याचा हिशेब मांडून ते सिद्ध केलं. आमच्याकडे आधीच ठाऊक होतं, असं म्हणून सुश्रुताची उंची वाढत नाही आणि माझ्या पेशंटचा तापही उतरत नाही.

सुश्रुताचा दुसरा एक हिशेब मात्र मला रोज उपयोगी पडतो. रस एकेका धातूत ३०१५ कला राहतो, असं तो म्हणतो. त्याच्याच कालमापनात दिवस-रात्र मिळून ६०३ कला होतात. म्हणजे एका धातूत पाच दिवस, आणि सहा टप्प्यांच्या १८,०९० कला म्हणजे बरोबर महिना. चरकसंहितेत हे सगळं सहा दिवसांत होतं, असं काहींचं मत नोंदवलेलं आहे. या आकड्यांना प्रयोगशाळेचा आधार नाही आणि मी तो मागतही नाही. पण पथ्य सुरू करून दुसऱ्याच दिवशी "काय फरक न्हाई" म्हणणाऱ्याला पाच दिवस थांबवायला आणि वजन वाढायची घाई असलेल्याला महिन्याचा वायदा द्यायला हा हिशेब चांगला आहे.

रस पुढच्या धातूंना पोचतो कसा, यावर टीकाकारांत जुना वाद आहे. त्यासाठी तीन न्याय सांगतात. क्षीरदधी न्याय : दुधाचं दही व्हावं तसं रसाचं रक्त होतं, रक्ताचं मांस. खलेकपोत न्याय : खळ्यावर उतरलेली कबुतरं दाणे टिपून आपापल्या घरट्याकडे जातात, जवळचं लवकर पोचतं, लांबचं उशिरा. तिसरा केदारीकुल्या न्याय : पाटाचं पाणी आधी जवळच्या वाफ्याला, मग त्याच्या पुढच्याला. शिकताना हे तिन्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. खलेकपोत मला उमगला तो एप्रिल २०१६ मध्ये. मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी सुरू झाली, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती आमच्या ढोकी स्टेशनवरून पुढे गेली. दुष्काळ आमच्याकडेही होता. पाणी मात्र ज्याच्या नावचं होतं त्याच्याकडेच गेलं, वाटेत कुणाला भिजवलं नाही.

तरी रोजच्या कामात मला केदारीकुल्याच जवळचा वाटतो, आणि तो इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याने रात्रीच्या लाइटीवर उसाला दारं धरलंय त्याला तो आधीच ठाऊक असतो. मोटर चालू झाली की फावडं घेऊन दांडाने चालायचं, वाफा भरला की माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं, पुढच्याचं फोडायचं. शेवटचा वाफा कोरडा राहिला तर शेतकरी दोनच गोष्टी बघतो : विहिरीतच पाणी कमी आहे, की दांड मध्ये कुठे तुंबलाय. विहीर आटलेली असताना दांड कितीही साफ करा, उपयोग नाही. आणि दांड तुंबलेला असताना मोटर जोरात सोडली तर तो फुटतो आणि पाणी भलतीकडेच साचतं. रसाच्या चिकित्सेतली सगळी मेख इथे आहे. रसक्षय आणि रसदुष्टी, दोन्हींचा पेशंट "अशक्तपणा" म्हणतो. एकाला भरायचं असतं, दुसऱ्याचं आधी थांबवायचं असतं.

गाळप हंगामात येणाऱ्या टोळीतल्या बायका बहुधा पहिल्या प्रकारच्या. तिशीतली बाई, ओठ फुटलेले, जीभ कोरडी, चार पावलं चालली की छातीत धडधड. बाहेर ट्रॅक्टरने हॉर्न वाजवला की दचकते. मोठा आवाज न सोसणं, थोड्या श्रमाने धाप आणि धडधड ही चरकाने सांगितलेली रसक्षयाची लक्षणं; सुश्रुत त्यात तहान आणि पोकळपणा घालतो. पण कारण पोथीत नाही, उसाच्या फडात आहे. आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. पाळी अंगावरून कमी जाते, हे ती बाहेर निघताना, दारात उभी राहून सांगते. बीड जिल्ह्यात अशा बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनंतर २०१९ मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली होती. उपधातू म्हणून पाळीचा विचार करणाऱ्या शास्त्राने निदान पिशवीच्या आधी पाण्याची चौकशी करावी. मी हिमोग्लोबिन तपासून घेतो, मनुका, खजूर, दूध, पातळ पेज सांगतो. विश्रांती सांगत नाही. खाडा पडला की तो उचलीत धरतात, हे मलाही कळतं.

दुसऱ्या प्रकारचे येतात ते बहुधा गावातले. एक गुरुजी आले होते, पोट सुटलेलं, जिभेवर पांढरा थर. तोंडाला चव नाही, जेवणावर वासना नाही, पण घड्याळ बघून दोन वेळा जेवायचे. जेवलं की डोळे मिटायचे, अंग मोडून यायचं. शक्ती यावी म्हणून दूध-तूप वाढवलेलं, वर बाटल्या लावून झालेल्या. अन्नाची इच्छा नसणं, अरुची, जडपणा, तंद्री, अंगदुखी : चरकाच्या रसदुष्टीच्या यादीवर एकेक खूण करत जावं असा माणूस. या सगळ्या विकारांना चरक एकच औषध सांगतो, लंघन. शक्तीसाठी आलेल्या माणसाला जेवण कमी करा म्हणणं सोपं नसतं. साखर आणि थायरॉइड तपासून आणलं, त्यात काही निघालं नाही, तेव्हा गुरुजी तयार झाले.

लंघन म्हणजे निर्जळी एकादशी नव्हे. मी मंडापासून सुरुवात करतो. जुना तांदूळ किंचित भाजायचा, शार्ङ्गधराच्या मापाने चौदापट पाणी घालून शिजवायचा. शितं बोटांत धरून चुरगळली की मधे कण लागता कामा नये. मग वरचं पाणी गाळून घ्यायचं, शितं बाजूला. त्यात सुंठ आणि सैंधव, आणि कोमट असतानाच घोटघोट प्यायचं. पातेलं झाकलं की उतू जातं, म्हणून झाकण तिरकं ठेवायला सांगतो, नाहीतर घरच्या बाईचा पहिल्याच दिवशी आयुर्वेदावरचा विश्वास उडतो. लाह्यांचा मंड आणखी हलका. पोथीतल्या लाह्या साळीच्या. इथे पंचमीला ज्वारीच्या फुटतात, मी त्याही चालवून घेतो. भूक कडकडून लागली की विलेपी, तांदळाला चौपट पाणी. मग मुगाचं कढण. मग भाकरी. या पायऱ्यांत मधली गाळली की थर पुन्हा जिभेवर येतो.

जिभेचा थर हटला, भूकही लागली. तरी गुरुजींचा चेहरा उतरलेलाच. रसवह स्रोतस बिघडण्याची कारणं चरकाने विमानस्थानात दिली आहेत : जड, थंड, फार स्निग्ध, फार जास्त खाणं, आणि अति चिंता. मनाची गोष्ट त्याने थेट अन्नरसाच्या वाटेवर आणून ठेवली, ही त्याची नजर मला फार मोठी वाटते. पहिल्या चारांवर आमच्याकडे पथ्य आहे. पाचव्यासाठी विचारपूस, आणि ती दवाखान्यात गर्दी असताना होत नाही. संध्याकाळी उशिरा बोलावलं तेव्हा कळलं, मुलगा तीन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करतोय, यंदा वयात बसायची शेवटची संधी. रात्री अडीचला जाग येते ती तिथेच. निकाल अजून लागायचा आहे. तोवर रात्रीचं जेवण सातच्या आत आणि कढणच, असं ठरलंय. मुलालाही एकदा घेऊन या म्हटलंय.