कुंभार्लीची चढण

2019 च्या जानेवारीत चिपळूण सोडले, तेव्हा वडिलांची ती जुनी गाडी अगदी सुतासारखी सरळ होती. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट लागला आणि तिचे अवसानच गळाले. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला तरी वेग वाढेना, नुसते आचके! मागे आईला धाप लागलेली. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी बाराची वेळ दिली होती.

वळणावर एक ट्रकवाला थांबला. त्याने आधी चारही चाकांना हात लावून पाहिला. ब्रेक धरून बसला असता, तर चाक तापले असते. मग म्हणाला, "सपाटीला नीट पळती न्हवं?"

"हो."

"मंग पेट्रोल कमी पडतंय. चढाला जास्ती लागतं."

वर्गात मी वर्षानुवर्षे प्रश्न विचारतो. असा नेमका एकही मला कधी सुचलेला नाही. इंजीन निवल्यावर त्याने नळीतला फिल्टर काढला. आत टाकीतला तांबूस गंज! उलट्या बाजूने फुंकून तो परत बसवला. "कऱ्हाडात नवा टाका. टाकी बी धुऊन घ्या." पैसे मात्र घेईना.

कोयनानगर आले तेव्हा आईने विचारले, "त्याचं नाव विचारलंस का रे?"

मी विचारले नव्हते.