मोसमाचा पहिला शनिवार

विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा मोसम १५ सप्टेंबरच्या सर्वांत जवळच्या शनिवारी उघडतो. नोव्हेंबरातली बंदुकीची शिकार वेगळी. तिला नऊच दिवस, अंगात भडक नारिंगी जाकिटं, आणि दिवसभर डोंगरांतून बार ऐकू येत असतात. धनुष्याचा मोसम तिच्या खूप आधी सुरू होतो आणि नवं वर्ष उजाडल्यावरच संपतो. एवढा लांबलचक मोसम असूनही आमच्या मंडळींना ओढ असते ती पहिल्या शनिवार-रविवारची. खरं तर तो शिकारीला मुळीच सोयीचा नाही. झाडं हिरवीगच्च असतात, उकडतं, डास फोडून खातात. नर माजावर येऊन बेभान हिंडू लागतात ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला. सप्टेंबरात त्यांच्या शिंगांवरची मखमल नुकतीच गळालेली असते आणि दोन-चार नर एकत्र, अगदी सावधपणे, संध्याकाळी शेताच्या कडेला येतात. तरीही त्या शनिवारी घरी थांबलेला आमच्यातला एकही जण मला आठवत नाही.

मी १९८०च्या दशकात नोकरीच्या निमित्ताने मॅडिसनला आलो, तेव्हा शिकारीशी माझा संबंध गोष्टींपुरताच होता. कोकणात आजोळी ओटीवरच्या भिंतीत ठासणीच्या बंदुकीसाठी ठोकलेल्या दोन खुंट्या होत्या. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि पारध, हाकारे सगळं बंद झालं. ते योग्यच झालं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. इथली परिस्थिती अगदी उलटी. राज्याच्या या दक्षिण भागातून हरणं खाणारे लांडगे आणि प्यूमा केव्हाच नाहीसे झाले आणि मका, सोयाबीन, अल्फाल्फा मात्र मैलोनमैल पसरलं. पांढऱ्या शेपटीचं हरण इथे इतकं माजलं की शिकार झाली नाही तर ते जंगलातली कोवळी झाडं वर येऊच देत नाही. शिवाय शिकारीच्या परवान्यांचे पैसे आणि धनुष्यांवरचा केंद्रीय कर वन्यजीव संवर्धनाकडे जातो. हे सगळं मला समजावून सांगितलं ते ऑफिसातल्या एका मित्राने. त्याच्या वडिलांचं शेत मॅडिसनच्या पश्चिमेला, हिमयुगातल्या बर्फाने ज्याला हात लावला नाही अशा डोंगराळ मुलखात होतं. वर ओकचे माथे, खाली अरुंद खोऱ्यांत मका आणि गोठे. तिथे आम्ही जमायला लागलो: तो, त्याचा शेजारी सुतार, गावातल्या शाळेतला विज्ञानाचा शिक्षक आणि मी. शेताचे मालक म्हणजे मित्राचे वडील. त्यांना सगळे नावाने हाक मारत. माझ्या तोंडून मात्र ते कधी निघालं नाही. मी त्यांना शेवटपर्यंत ‘आजोबा’च म्हणत राहिलो आणि पुढे बाकीचेही तसंच म्हणायला लागले.

या मुलखाला धनुष्याचा जुना शेजार आहे. १९३४मध्ये सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत केवळ धनुष्यासाठी हरणांचा मोसम ठेवला गेला. देशातला तो पहिलाच मानला जातो. सॉक काउंटीत विस्कॉन्सिन नदीकाठी ज्यांनी एक पडीक शेत १९३५मध्ये घेतलं, ते ऑल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्यं करत. निसर्गलेखक म्हणून जग त्यांना ओळखतं, पण आमच्या आजोबांना त्यांचं कौतुक होतं ते लाकूड तासून तासून धनुष्य घडवणारा माणूस म्हणून. त्यांच्या स्वतःकडेही लाकडाचं, टोकांना उलटा बाक दिलेलं धनुष्य होतं. पन्नास पौंडांचा ताण ओढायचा आणि बाण सुटेपर्यंत तो सगळा बोटांवर पेलायचा. हात थरथरायला लागायच्या आत नेम पक्का झाला पाहिजे. त्यामुळे हरण पंधरा-वीस यार्डांच्या आत आल्याशिवाय आजोबा धनुष्य उचलतच नसत.

मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलनला कप्प्यांच्या धनुष्याचं पेटंट १९६९मध्ये मिळालं होतं. मी आलो तोवर शिक्षकाकडे तसलं एक आलेलं होतं. दोन्ही टोकांना कप्प्या असतात. ओढताना साठ पौंड लागतात, पण पूर्ण ओढून झालं की कप्प्या उलगडतात आणि हातावर त्याचा छोटासा हिस्साच उरतो. म्हणजे हरणाने तोंड फिरवेपर्यंत, एक पाऊल पुढे टाकेपर्यंत वाट पाहता येते. आज माझ्याकडे जे आहे, त्यात ओढून धरताना जेमतेम दहा-बारा पौंडांचा भार राहतो. बाण कार्बनचा, डोळ्यासमोर उजळ ठिपके असलेली साइट, सोडायला मनगटाला बांधलेला चाप. जुन्या धनुष्याची आठवण काढून उसासे टाकणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. बाण चुकीच्या जागी बसून हरण जखमी होऊन गेलं, याइतकं वाईट या खेळात दुसरं काही नाही. नव्या धनुष्यांनी ते कमी केलं असेल तर त्यांचं स्वागतच आहे. २०१४पासून इथे सगळ्यांनाच क्रॉसबोची मुभा मिळाली आणि आता साध्या धनुष्यांपेक्षा क्रॉसबोनेच जास्त हरणं मारली जातात. त्यावरून दुकानांत वाद होतात. आमचा सुतार खांदा गेल्यामुळे केव्हाच घरी बसला असता. क्रॉसबोमुळे तो अजून आमच्याबरोबर आहे, आणि माझ्यापुरता वाद तिथे मिटतो.

मचाणांचंही तेच. पूर्वी ऑगस्टमध्ये फळ्या आणि खिळे घेऊन ओकच्या बेचक्यात मचाण बांधायचं, पुढच्या वर्षी त्याच फळीवर भरवसा ठेवून चढायचं. अशीच एक फळी कुजली होती. शिक्षक तिच्यावरून खाली आला आणि तो हिवाळा त्याने कुबड्यांवर काढला. आता लोखंडी मचाण, अंगात पट्ट्यांचा हार्नेस, जमिनीवरून पाय उचलायच्या आधी दोरीला कडी. मुलांना आम्ही हे पहिल्या दिवशी शिकवतो आणि धनुष्य नंतर देतो.

मग पूर्वीचं काय बरं होतं? मला विचाराल तर काहीच ठाऊक नसणं.

शुक्रवारी रात्री आजोबांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेताचा हाताने काढलेला नकाशा पसरलेला असायचा. त्यावर चहाचे, बिअरचे गोल डाग. प्रत्येकाने आठवडाभरात जे पाहिलं असेल ते सांगायचं. वरच्या बांधावर पांढऱ्या ओकची फळं पडायला लागलीत. ओढ्याच्या उताराजवळ ओल्या मातीत मोठे खूर उमटलेत. दक्षिणेच्या अल्फाल्फात दोन माद्या पिल्लं घेऊन येतात, पण अंधार पडल्यावर. कुणी काय सांगेल त्यावर आजोबा पेन्सिलीने खूण करत आणि शेवटी वारा कुठला असेल याचा अंदाज घेत. हरणाच्या नाकाला फसवणं अशक्य. त्यामुळे कोण कुठल्या मचाणावर बसणार हे वारा ठरवतो. वारा पाहायला आजोबा खिशात मिल्कवीडचा आदल्या वर्षीचा कापूस ठेवत. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्याच कुळातली वनस्पती, तशाच बोंडांची, तशाच चमकत्या म्हाताऱ्या सोडणारी. मचाणावर बसलं की एक म्हातारी चिमटीतून सोडायची आणि ती कुठे जाते ते बघत राहायचं. सकाळी ऊन चढेल तशी ती उताराने वर जाते. संध्याकाळी गार हवा खोऱ्यात उतरायला लागली की तीही खाली खाली जाते, ओढ्यापर्यंत. पावडरीची बाटली पिचकारली की धूळ दोन हातांवर दिसेनाशी होते. ही म्हातारी मात्र चाळीस-पन्नास यार्डांपर्यंत दिसते, आणि मध्येच झुडपाआड वळली तर वारा तिथे वळतो हेही कळतं. एवढं कुठलंही ॲप सांगत नाही.

आता शुक्रवारी टेबलावर फोन असतात. झाडांना बांधलेले कॅमेरे हरण समोरून गेलं की फोटो थेट खिशात पाठवतात, तारीख, वेळ, तापमान छापून. मुलांना जुलैपासून प्रत्येक नर तोंडओळखीचा झालेला असतो. त्यांनी त्यांना नावंही दिलेली असतात. कुठला कुठल्या मचाणासमोरून किती वाजता जातो हे पाठ असतं, आणि कॅमेऱ्यात काही आलं नसेल तर ती सरळ म्हणतात, “काका, आज तिकडे बसून उपयोग नाही.” मला हे खुपतं. मचाणावरचे तीन-चार तास ‘काहीही येऊ शकेल’ या एका भावनेवर चालतात. त्या आशेने बसलेला माणूस खारीच्या पावलांचा आवाज, चिकडी पक्ष्याची फडफड, पलीकडच्या खोऱ्यातल्या गाईंचं हंबरणं, सगळं टिपत असतो. काय येणार हे आधीच ठाऊक असलेला माणूस फोन बघत असतो. आणि दुसरं म्हणजे कॅमेरा ज्याचा, माहिती त्याची. टेबलावर सगळ्यांनी मिळून नकाशा भरायचं कारणच उरलं नाही.

बाण लागल्यानंतरची रात्र मात्र अजून बरीचशी तशीच आहे. हरण पडताना क्वचितच दिसतं. बाण बसतो, ते उसळी मारून दाट रानात शिरतं आणि मग अर्धा तास जागचं हलायचं नाही. घाईने मागे गेलं तर ते उठून मैलभर जाईल. सप्टेंबरात तोवर अंधार पडतो. पूर्वी सगळे मचाणांवरून उतरून एकत्र यायचे, आजोबा गॅसचा कंदील घ्यायचे. त्याच्या पांढऱ्या उजेडात रक्ताचा थेंब ओला चमकतो. एक जण शेवटच्या थेंबाशी उभा राहणार, दुसरा वाकून पुढचा शोधणार, तिसरा मागे फांद्यांना टॉयलेट पेपरचे तुकडे अडकवत येणार, म्हणजे वळून पाहिलं की हरण कुठल्या दिशेने गेलं त्याची रेघ दिसते. मॅपलच्या पानांवर आधीच लाल ठिपके असतात, ते फसवतात. आजोबा थेंबावर बोट टेकवून बघत. “सुकलंय,” म्हणाले की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. “ओलंय,” म्हणाले की पुन्हा हुरूप. आता बाणाच्या शेपटीला दिवा असतो, आणि गरज पडली तर माग काढणारा कुत्रा पट्ट्याला बांधून आणता येतो. पण थेंबाशी उभं राहायला माणूस अजून लागतो.

हरण सापडलं की ते नोंदवायला गावात न्यायचं. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त आठवते. त्या काळी प्रत्येक हरण प्रत्यक्ष नोंदणी केंद्रावर दाखवावं लागे, आणि केंद्र म्हणजे पेट्रोल पंप, किराणा दुकान, नाहीतर गावातला बार. पिकअपच्या मागच्या फळीवर हरण, पाठीवर आपला नंबर लावलेलं जाकीट. आत रेडिओवर पॅकर्सचा फुटबॉल सामना. बाहेर म्हातारे, पोरं, शिकारी नसलेली माणसंसुद्धा प्रत्येक गाडीपाशी येऊन डोकावायची, दात बघून वय सांगायची. काउंटरवरची बाई नोंद करून पत्र्याचा बिल्ला द्यायची, तो पायाला लावायचा. पण तिथून लगेच निघता येत नसे. कुठे, किती वाजता, वारा कुठला, किती यार्ड, सगळं सांगावं लागे, आणि पुढची गाडी आली की मग आपणही तिच्याभोवती उभं राहायचं. मी या देशात परका होतो. माझी पहिली मादी तिथे नोंदवली तेव्हा बारच्या दारात उभ्या असलेल्या, आयुष्यात कधी न पाहिलेल्या लोकांनी माझ्याकडून ती गोष्ट दोनदा ऐकून घेतली. त्यानंतर त्या गावात मी परका राहिलो नाही.

२०१५पासून नोंदणी फोनवर किंवा संगणकावर होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत केली की झालं. पुढच्या वर्षी पाठीवरचा नंबरही गेला. सोय झाली हे खरं, पण ती सोय कुणी मागितली होती, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसरी मोठी उलथापालथ त्याआधीच झाली होती. फेब्रुवारी २००२मध्ये आमच्याच भागात, माउंट होरेबजवळच्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. मेंदूला भोकं पाडणारा, हरणाला झिजवून मारणारा, औषध नसलेला रोग. सरकारने सुरुवातीला त्या पट्ट्यातली हरणंच संपवायचा प्रयत्न केला. तो फसला. गावात त्यावरून भावाभावांत अबोला झाला. आता या टेकड्यांतल्या काही भागांत प्रौढ नरांमध्ये रोगाचं प्रमाण फार वाढलंय. माणसाला तो झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, पण रोगी हरणाचं मांस खाऊ नये असं आरोग्य खातं सांगतं. त्यामुळे शनिवारी रात्री आम्ही हरणाचं डोकं तपासणीच्या पेटीत ठेवतो, चिठ्ठी भरतो, मांस गोठवतो आणि निकालाची वाट बघतो.

पूर्वी त्याच रात्री काळीज तव्यावर पडायचं. आजोबा ते बेकनच्या चरबीत करत. मी सांगलीहून आलेला कांदा-लसूण मसाला घालून बघितला आणि पुढच्या वर्षापासून ते माझंच काम झालं. पातळ काप, भरपूर कांदा, शेवटी मसाला, आणि तवा टेबलावर तसाच. रात्रीचे अकरा वाजलेले असायचे. ज्याने मारलं त्याला पहिला काप. आजोबांना ठसका लागायचा, पण ते पाण्याला हात लावायचे नाहीत. ते गेले, शेत मित्राकडे आलं, आणि काळीज त्याच रात्री खाणं त्याच्याही कितीतरी आधी थांबलं होतं.

गेल्या वर्षी मित्राच्या मुलीने रविवारी दुपारी गोठ्यासमोर आजूबाजूच्या शेतांवरच्या सगळ्यांना बोलावलं. ज्यांना हरण मिळालं त्यांनी गाड्या आणून फळ्या खाली टाकल्या, ज्यांना नाही मिळालं तेही आले. तपासणीची पेटी गावातून उचलून आणता येत नाही, म्हणून डोकी एकत्र न्यायची जबाबदारी एकाने घेतली. शेजारची चौदा वर्षांची मुलगी पहिल्या मादीशेजारी उभी राहून सांगत होती, आणि मध्येच कुणी विचारलं की वारा कुठला होता. तिने खिशातून म्हातारी काढून सोडून दाखवली. यंदा निकाल आल्यावर पुन्हा जमायचं, असं ठरलंय. मसाला मी सांगलीहून आत्ताच मागवून ठेवलाय.