सांतानाच्या टॅक्सीतलं शांघाय

शांघायच्या आमच्या ऑफिसात २००५ च्या सुमाराला माणसाची पायरी त्याच्या मेसेंजरवरून ओळखायची. टाय लावणारे, इंग्रजीत मेल लिहिणारे, परदेशी क्लायंटशी बोलणारे सगळे एमएसएनवर. रिसेप्शनवरची मुलगी, कॉलेजातून नुकताच आलेला टेस्टर, कॅन्टीनचा पोऱ्या हे क्यूक्यूवर. क्यूक्यू म्हणजे पोरखेळ, असं वरच्या मजल्यावर सर्रास बोललं जाई. प्रत्यक्षात टायवाल्यांच्याही स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल मफलर घातलेला तो पेंग्विन बसलेला असायचाच. साहेब येताना दिसले की त्याला झाकायचं, एवढंच.

मागच्या गल्लीत एक नेट कॅफे होता. सिगारेटचा धूर, कपातले नूडल्स, रांगेने मांडलेले संगणक आणि मिनिटामिनिटाला कुठून तरी येणारा खोकल्याचा आवाज. धुराने कुणाचा तरी घसा धरला असेल असं वाटायचं. पण तो खोकला संगणकाचा होता. क्यूक्यूवर कुणी मैत्रीची विनंती पाठवली की यंत्र खोकायचं. ओळखीचं कुणी ऑनलाइन आलं की दारावर टकटक. शंभरेक पोरं हेडफोन लावून बसलेली, तरी त्यातून निसटलेली ही टकटक आणि खोकला रस्त्यापर्यंत ऐकू येई.

एमएसएन चालवणारी मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी तिथे क्यूक्यूपुढे का हरली, याची निम्मी गोष्ट या कॅफेतच होती. तिथल्या बहुतेक पोरांकडे स्वतःचा संगणक नव्हता. आज या खुर्चीवर, उद्या त्या. मूळच्या इस्रायली आयसीक्यूमध्ये मित्रांची यादी त्या त्या संगणकात साठवली जाई. १९९९ मध्ये शेनझेनच्या मा हुआतेंगने त्याचीच नक्कल करून ओआयसीक्यू काढलं, तेव्हा यादी सर्व्हरवर ठेवली. कुठल्याही कॅफेत बसा, तुमचं गणगोत हजर. नावाबद्दल आयसीक्यूची मालक असलेल्या अमेरिकेच्या एओएलने तक्रार केली म्हणून पुढे ते क्यूक्यू झालं. समोरचा ऑफलाइन असला तरी निरोप त्याच्यासाठी राखून ठेवायचा, ही सोयही क्यूक्यूकडे होती. एमएसएनवर सुरुवातीची बरीच वर्षं ती नव्हती. सिएटलजवळ बसून मेसेंजर बनवणाऱ्याला हे सुचणं अवघडच, कारण त्याच्या टेबलावर त्याचा स्वतःचा संगणक होता.

आज विचित्र वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. क्यूक्यूची मालक टेन्सेंट अगदी बाळसं धरत होती तेव्हा, २००१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या नॅस्पर्स या वृत्तपत्रं काढणाऱ्या कंपनीने तिचा ४६.५ टक्के हिस्सा सव्वातीन कोटी डॉलरच्या आसपास घेतला. म्हणजे शांघायच्या गल्लीत चिनी पेंग्विन अमेरिकन मेसेंजरला लोळवत होता आणि त्या कमाईचा मोठा वाटा केपटाउनच्या खात्यावर चढत होता. अलिबाबातही तेच. तिच्यात पैसे घालणारी सॉफ्टबँक जपानची, आणि २००५ मध्ये शंभर कोटी डॉलर देऊन ४० टक्के हिस्सा घेणारं याहू अमेरिकेचं.

अलिबाबावरून ईबे आठवतं. ईबेने तिथली ईचनेट ही कंपनी दोन टप्प्यांत विकत घेतली, २००३ पर्यंत पूर्ण, सगळे मिळून अठरा कोटी डॉलर मोजून. त्याच वर्षी मे महिन्यात अलिबाबाचे मा युन, म्हणजे जगाला ठाऊक असलेले जॅक मा, यांनी हांगझोमध्ये ताओबाओ सुरू केलं. तिथे नोकरीला लागणारा प्रत्येक जण जिन योंगच्या तलवारबाजीच्या कादंबऱ्यांतलं एखादं टोपणनाव घ्यायचा. ईबेने मोठ्या पोर्टलवरच्या जाहिराती आधीच बांधून घेतल्या होत्या, म्हणून ताओबाओ छोट्या छोट्या साइटींवर आणि भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर झळकलं. विक्रेत्याला सगळं फुकट. ईबे मात्र वस्तू मांडायचे पैसे घेई, आणि कमिशन बुडेल या धास्तीने घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची थेट गाठ पडू देत नसे. तुळशीबागेत दुकानदाराशी बोलायलाच बंदी घातली तर कोण खरेदी करील? ताओबाओने खरेदीच्या पानावरच गप्पांची खिडकी दिली आणि आमच्या ऑफिसातल्या मुली जेवणाच्या सुट्टीत स्वेटरच्या भावावरून तासन्‌तास घासाघीस करू लागल्या. त्यातली एक तर निव्वळ घासाघीस करण्यासाठी बसायची, स्वेटर घ्यायची नाही.

ईबेने २००४ मध्ये आणखी एक शहाणपणा केला. जगभर एकच यंत्रणा हवी म्हणून चिनी साइट अमेरिकेतल्या सर्व्हरवर हलवली. पानं उघडायला वेळ लागू लागला, माणसं कंटाळली आणि शेजारच्या दुकानात गेली. २००६ च्या डिसेंबरात ईबेने आपली चिनी साइट गुंडाळली. या सगळ्यात सरकारचा हात शोधायची गरजच पडत नाही. गिऱ्हाइकाने मोजलं आणि बाजूला ठेवलं.

त्या दिवसांना साखरेत घोळवायचं मात्र कारण नाही. दार तेव्हाही अर्धंच उघडं होतं. गूगलने २००६ मध्ये चीनसाठी साइट काढली तीच मुळी काय दाखवायचं नाही याची कात्री लावून. २००९ मध्ये आधी यूट्यूब, मग ट्विटर, मग फेसबुक बंद झालं. मी तोवर पुण्याला परतलो होतो. जानेवारी २०१० मध्ये गूगलने सायबर हल्ला आणि सेन्सॉरशिपचं कारण देऊन यापुढे कात्री चालवणार नाही असं जाहीर केलं. बीजिंगमध्ये त्सिंगहुआ विज्ञान उद्यानातल्या त्यांच्या इमारतीसमोरच्या नावाच्या फलकावर लोकांनी फुलं आणून वाहिली, मेणबत्त्या लावल्या. परवानगीशिवाय फुलं वाहता येत नाहीत, असं सांगून सुरक्षारक्षकांनी ती हटवली. मार्चमध्ये गूगलने शोधाची पाटी हाँगकाँगला वळवली. शोधाच्या बाजारात चिनी बायदू तेव्हाही पुढेच होतं, म्हणजे हरणाऱ्यालाच फुलं मिळाली होती. परदेशी कंपनी निघाली म्हणून गिऱ्हाइकं फुलं घेऊन येतात, असा तो काळ!

नंतर टॅक्सीच्या धंद्यात उबर आणि चिनी दीदीची झुंज झाली, ती मी पेपरातच वाचली. दोघांनी मिळून स्वारांवर आणि ड्रायव्हरांवर पैशांचा पाऊस पाडला. ऑगस्ट २०१६ मध्ये उबरने चिनी धंदा दीदीच्या हवाली केला आणि बदल्यात दीदीचे शेअर घेतले. जुन्या पद्धतीची ती बहुधा शेवटची मोठी कुस्ती.

आपल्याकडे याच काळात उलटा प्रवाह सुरू झाला. २००८-०९ मध्ये चिनी मोबाइल म्हणजे मुंबईच्या मनीष मार्केटातला, दोन सिमचा, लग्नाचा बँड फिका पडेल एवढा स्पीकर असलेला. ‘चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक’ हा त्याच्यावरचा ठरलेला विनोद. आयएमईआय नंबर नसलेले हँडसेट सरकारने डिसेंबर २००९ पासून बंद पाडले आणि त्यातले कितीतरी मुके झाले. पाचच वर्षांनी, जुलै २०१४ मध्ये, शाओमीचा एमआय थ्री १३,९९९ रुपयांना फ्लिपकार्टवर आला, तेव्हा माझ्या पुतण्याचे मित्र आमच्या दिवाणखान्यात तीन लॅपटॉप उघडून दुपारी दोनचे ठोके पडायची वाट बघत बसले होते. एकालाही फोन मिळाला नाही. पुढच्या मंगळवारी परत तीच जत्रा. २०१७ संपता संपता शाओमी सॅमसंगच्या पुढे गेली. मायक्रोमॅक्सला वाट पुसायलाही कुणी उरलं नाही. या लढाईचाही निकाल गिऱ्हाइकानेच दिला होता.

मग १५ जून २०२० ला गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली आणि २९ जूनला ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली. त्यामागची कारणं गंभीर होती आणि त्याबद्दल माझा वाद नाही. पण धंद्याच्या अंगाने झालेली गंमत बघण्यासारखी आहे. टिकटॉक बंद पडून पंधरवडाही झाला नव्हता तेवढ्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स आणलं, तेही सर्वांत आधी इथेच. चीनचं दार बंद झालेल्या दोन अमेरिकन कंपन्यांना चिनी कंपनीने घडवलेला आयता प्रेक्षक मिळाला, एकही फेरी न खेळता. शेतात उभं राहून टिकटॉकवर नाचणारी आपली मंडळी मुकाट्याने रील्सवर नाचू लागली. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

बंदीच्या यादीत वुईचॅटही होतं. शांघायमधल्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याशी माझं बोलणं त्याच्यावरच चाले. त्याआधी आम्ही एमएसएनवर होतो, ते चीनमध्ये २०१४ ला बंद झालं. त्याच्याकडे जीमेल उघडत नाही, व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. आता आम्ही ई-मेल लिहितो. माझा जीमेलचा पत्ता आणि त्याचा क्यूक्यूचा. त्याच्या पत्त्यात नाव नाही, नुसते आकडे आहेत. नेट कॅफेत मिळालेला तोच जुना क्रमांक.

गेल्या पत्रात त्याने नवी गाडी घेतल्याचं कळवलं, बीवायडीची. आमच्या वेळी शांघायमध्ये टॅक्सी म्हणजे सांताना. फिरोजी रंगाची, ड्रायव्हरभोवती प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा, मागच्या सीटवर पांढरी खोळ. गाडी जर्मन. फोक्सवॅगनने १९८४ मध्ये तिथे भागीदारी केली तेव्हा चिनी धोरण सरळ होतं: बाजार देतो, तंत्र शिकवा. २०२३ मध्ये त्याच फोक्सवॅगनने ग्वांगझोच्या शाओपेंग या जेमतेम नऊ वर्षांच्या कंपनीचा पाच टक्क्यांच्या आसपास हिस्सा सत्तर कोटी डॉलरला घेतला, कारण विजेच्या गाडीतलं सॉफ्टवेअर आता तिच्याकडून शिकायचं होतं. फी भरणारा बदलला.

आपल्या तळेगावात याच नाटकाचा एक अंक अर्ध्यावर राहिला. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तिथे कारखाना काढला, २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं, आणि २०२० च्या जानेवारीत तो कारखाना घ्यायला चीनची ग्रेट वॉल पुढे आली. जूनमध्ये राज्य सरकारशी करारही झाला. त्याच दिवसांत गलवान. परवानगी शेवटपर्यंत आली नाही आणि कारखाना कोरियाच्या ह्युंदाईकडे गेला. जनरल मोटर्सचा गुजरातमधला हालोलचा कारखाना मात्र त्याआधीच, २०१७ मध्ये, चिनी हातात गेला होता. तिथून एमजीच्या गाड्या निघतात.

पुतण्याला आता त्यातलीच विंडसर हवी आहे. “काका, ब्रिटिश ब्रँड आहे, १९२४ चा.” मी त्याला सांगितलं की एमजीची मालक एसएआयसी, शांघायची. सांताना फोक्सवॅगनबरोबर बनवत होती तीच. भारतातल्या कंपनीत जिंदालांचा जेएसडब्ल्यू समूह भागीदार आहे, आणि कारखाना अमेरिकनांनी सोडलेला. त्याने फोनवरून मान वर केली नाही.

“ते असू दे. बॅटरी भाड्याने घेतली तर किलोमीटरच्या हिशेबाने पैसे पडतात म्हणे. आपलं रोजचं हिंजवडी किती होतं, तेवढं सांगा.”