घोड्याची चंदी

आमच्या कल्याण-डोंबिवलीकडे ‘याला ठाण्याला न्या’ असं कुणी म्हणालं की ऐकणारे हसतात. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तिथून किती माणसं बरी होऊन घरी परतली, याची चर्चा कुणी करत नाही. ठाण्याचं नाव मात्र टिंगलीला उरलं. मोहल्ल्यात तर मनाचा आजार हा आजारच नसतो. कुणी नजर लागली म्हणतं, कुणी तावीज आणून देतं, कुणी ‘नमाज पढ, सब्र कर’ असं सांगतं. नमाज मी सोडली नव्हती. झोप मला सोडून गेली होती.

१९९८ साली मी काम करत होतो तो कारखाना बंद पडला. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. डबा नाही, पाळी नाही, पगार नाही. हळूहळू मी बोलणंही टाकलं. शेजारपाजारी दातदुखीचं निमित्त सांगून बायको मला डॉक्टरकडे घेऊन गेली. तिचे उपकार मी विसरणार नाही. गोळ्यांनी झोप आली. पण सकाळी उठायचं कशासाठी, हा सवाल तसाच राहिला.

मामूंचा टांगा कल्याण स्टेशनबाहेर उभा असे. १८५४ साली रेल्वे कल्याणपर्यंत आली. स्टेशनवर उतरलेल्या माणसाला घरी पोचवायचं काम पुढे कित्येक वर्षं टांग्यांनी केलं. मामूंचे गुडघे आता दुखत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही, समजावलंही नाही. एवढंच म्हणाले, “घोड्याला पहाटे चंदी लागते, बेटा. माझ्यानं उठवत नाही. तू येत जा.”

फजर झाली की मी तबेल्यात जाऊ लागलो. घोड्याला उलटी करता येत नाही. वेळ चुकवून एकदम जास्त खायला घातलं, तर पोटशूळ उठून तो जिवानिशी जाऊ शकतो. त्यामुळे आज बरं वाटत नाही म्हणून घरी पडून राहण्याची सोयच नव्हती. भिजवलेले हरभरे, कोंडा, गवत, पाणी, मग अंगाला खरारा, मग खुरांत अडकलेली खडी काढायची. तो आपलं वजन उरलेल्या तीन पायांवर टाकेपर्यंत थांबायचं, ओढाताण करायची नाही.

आणखी एक गोष्ट मामूंनी शिकवली. घोड्याला अगदी मागचं दिसत नाही. मुकाट्यानं मागून गेलात तर तो बिचकतो, लाथ बसते. म्हणून खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. घरात तोंड न उघडणारा मी रोज पहाटे त्या जनावराशी बोलू लागलो. पुढं घरातही बोलू लागलो.

कुरआनात धावत्या घोड्यांची शपथ घेणारी सूरह आहे, अल-आदियात. लहानपणापासून ती मला पाठ होती. तिच्यात पुढे माणसाच्या नाशुक्रीचा उल्लेख येतो. तो का येतो, हे दिवसभर राबून आलेल्या घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधताना कळलं.

घोड्याच्या सोबतीनं माणूस सावरतो, हे जगानंही पाहिलं आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांत ताकद उरली नाही. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीच्या उपचाराला जोर आला. घोडा चालतो तेव्हा स्वाराची कंबर स्वतः चालल्यासारखी हलते. पाय अधू असलेल्या मुलांना त्याचा उपयोग होतो. मी घोड्यावर फारसा बसलो नाही. मला त्याच्या चाकरीनंच बरं केलं.

पण घोड्याचीही बाजू आहे. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयानं २०१५ साली बेकायदा ठरवल्या. त्या घोड्यांचे हाल पाहिलेल्या कुणालाही तो निकाल चुकीचा वाटणार नाही. कल्याणातही रिक्षा वाढल्या, टांगे हटले. मामूंचा इंतकाल झाला. आता मी अधूनमधून नेरळमार्गे माथेरानला जातो. हे ठिकाण १८५० साली ठाण्याच्याच कलेक्टरानं, ह्यू मॅलेटनं, शोधलं. तिथली छोटी गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं १९०७ साली सुरू केली. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे घोडे आहेत आणि २०२२ पासून ई-रिक्षाही आल्या आहेत. घोडेवाल्या पोरांच्या चेहऱ्यावर मला ओळखीची काळजी दिसते.

मी त्यांना सांगतो, धंदा जाईल किंवा राहील, झोप उडाली तर डॉक्टरकडे जा, लाजू नका. आणि त्यांच्या घरच्यांना सांगतो, खचलेल्या माणसाची नुसती कीव करू नका. औषध चालू ठेवा आणि त्याच्यावाचून अडेल असं एखादं लहानसं काम त्याच्या हाती द्या. घोडाच पाहिजे असं नाही. कुणाला म्हातारी आजी पुरेल, कुणाला मोहल्ल्यातल्या पोरांची शिकवणी. आपली कुणीतरी वाट पाहतंय, एवढं त्याला कळलं पाहिजे.