टारा टेकडीवरील सूर्योदय

डब्लिनच्या वायव्येस, मीथ परगण्यांत, टारा नांवाची टेकडी आहे. तेथील सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींचें, हिरवळीनें झांकलेलें थडगें आम्हीं पाहिलें. त्यास ‘ओलिसांचें टेकाड’ म्हणतात. आंतील वाट अवघी चार मीटर लांब; परंतु नोव्हेंबर व फेब्रुवारी यांच्या आरंभीं उगवत्या सूर्याचे किरण तींत शिरतात. दक्षिणायनान्ताच्या मागेंपुढें सारख्याच अंतरावर सूर्य क्षितिजाच्या एकाच बिंदूवर उगवतो, हें याचें कारण. शरत्संपात व दक्षिणायनान्त यांचा मध्य ७ नोव्हेंबरच्या सुमारास येतो. केल्ट लोकांचा ‘साविन’ हा हिवाळ्याच्या आरंभाचा सण १ नोव्हेंबरचा.

मग हा सण सूर्यावरूनच ठरला काय? वाचकांनीं उतावळेपणानें ‘होय’ म्हणूं नये. थडगें बांधणारे लोक केल्टांच्या पुष्कळ पूर्वींचे. गुरें कुरणांतून घरीं आणण्याचा काळही हाच. शिवाय फ्रान्समध्यें कोलिन्यी येथें १८९७ सालीं सांपडलेलें केल्टांचें कांस्यपट्टावरील पंचांग चांद्रमासांचें असून त्यांत आपल्याप्रमाणेंच अधिक मास आहेत. आणि साविनशीं नामसाम्य असलेल्या ‘सामोन’ मासाच्या तीन रात्रीही नोंदलेल्या आहेत. तेव्हां सूर्य, चंद्र व गोठा या तिघांनीं मिळून हा सण घडविला असावा, असें आम्हांस वाटतें.