काळं करणारी माती

मुखेडहून उदगीरमार्गे बीदरला गेलात, तर बिदरी कारागिरांचं काम जरूर पाहा. जस्तात थोडं तांबं मिसळून सुरई ओततात. चकाकत्या धातूवर कोरलेली रेघ नीट दिसत नाही, म्हणून आधी मोरचुदाचं पाणी लावून तो तात्पुरता काळा करतात. कोरलेल्या खाचांत चांदी ठोकली, की हा काळा रंग घासून काढतात. मग बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराच्या पाण्यात कालवून तापवलेल्या सुरईला चोळतात. धातू कायमचा काळाभोर, बिनचमकीचा होतो. चांदी मात्र तशीच लखलखते!

योग्य माती कशी ओळखतात, माहीत आहे? जिभेवर ठेवून! वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेलीच माती चालते. ती संपली तर? म्हणून किल्ला पाहा, पण मूठभरही माती उचलू नका हं!